जमिनीखालची शिल्लक

बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. मालतारण कर्जाच्या तपासणीला गोदामात गेलो, पुढच्या पोत्यांत टोकदार नळी खुपसून गहू पाहिला आणि सगळ्या थप्पीची किंमत मांडून मोकळा झालो. मागच्या रांगांत नुसता कोंडा होता, हे कळायला सहा महिने लागले. पुढे कितीतरी वर्षांनी हर्बर्ट हूवर यांचं खाणकामावरचं पुस्तक हाती आलं आणि वाटलं, हे गृहस्थ तेव्हा आपले साहेब असते तर!

हूवर म्हटलं की महामंदीत सापडलेला अमेरिकेचा अध्यक्ष आठवतो. पण त्याआधी ते नावाजलेले खाण-इंजिनिअर होते. जन्म १८७४चा, आयोवातल्या वेस्ट ब्रँच गावचा. वडील लोहार. वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधीच आई-वडील दोघंही गेले आणि पोर ऑरेगनमधल्या मामांकडे वाढलं. १८९५ साली स्टॅनफर्डमधून भूगर्भशास्त्राची पदवी घेतली, तरी नोकरी मिळेना म्हणून कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणीत मजुरी केली. १८९७ मध्ये लंडनच्या बेविक, मोरिंग कंपनीनं त्यांना पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पाठवलं. वयानं मोठं दिसावं म्हणून त्यांनी दाढीमिशा राखल्याचं सांगतात.

तिथली ‘सन्स ऑफ ग्वालिया’ खाण घ्यावी, अशी शिफारस त्यांनी केली. (नावावरून ग्वाल्हेर आठवतं, पण ग्वालिया म्हणजे वेल्स.) १८९८ मध्ये ते तिचे व्यवस्थापक झाले. खर्च कमी करण्यासाठी त्यांनी इटालियन मजूर आणले. जुन्या कामगारांना ते रुचलं नाही. वाचताना मलाही रुचलं नाही.

पण मला भुरळ पडली ती त्यांच्या हिशेबाची. खाणीतलं सोनं बहुधा डोळ्यांना दिसतच नाही. टनभर दगडात काही ग्रॅम. म्हणून बोगद्यात दर काही फुटांवर शिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खाच पाडायची. निघालेला चुरा कुटायचा, मिसळायचा, त्याचे चार वाटे करून दोन टाकायचे, पुन्हा तेच. शेवटी उरते ती चिमूट तपासणीच्या भट्टीत. सरासरी काढतानाही शीर जिथे रुंद, तिथल्या नमुन्याला वजन जास्त. एखाद्या नमुन्यात भलतंच सोनं निघालं तर हुरळायचं नाही, पुन्हा नमुना घ्यायचा. पिशव्यांत सोन्याची भुकटी मिसळणारे लबाडही असतच, म्हणून पिशव्यांवर पहारा.

आणि दोन बोगद्यांच्या मधल्या, कुणीच न पाहिलेल्या दगडाचं काय? १९०९च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ मायनिंग’मध्ये हूवर यांनी त्याच्या तीन पायऱ्या केल्या: सिद्ध, संभाव्य आणि निव्वळ आशेचा. दगडाच्या किती बाजू उघड्या आहेत एवढंच मोजून भागत नाही. शीर मधेच तुटण्याचा धोका किती, ते पाहायचं. खोल गेल्यावर मिळेल अशी आशा असलेला तिसरा साठा टनांत लिहायचाच नाही.

पैशाच्या बाबतीतही ते असेच. १९०२च्या अखेरीस कंपनीचा एक भागीदार खोटे कागद करून पळाला. कायद्यानं देणं लागत नसतानाही त्यांनी आणि इतर भागीदारांनी ते फेडायचं ठरवलं.

मग पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या भुकेल्यांना धान्य, मंत्रिपद आणि १९२९ च्या मार्चमध्ये अध्यक्षपद. ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. मे १९३०मध्ये याच हूवर यांनी वाईटात वाईट काळ मागे पडल्याची ग्वाही दिली. नंतर हजारो बँका बुडाल्या. बँकेत आयुष्य काढलेल्या मला हे कोडं अजून सुटलेलं नाही: तिसऱ्या पायरीवरचा साठा त्यांनी पहिल्या पायरीवर कसा मांडला? समोर घाबरलेला देश असला की आकडा सांगणाऱ्याची जीभ वळत नसेल का? कर्जदाराच्या दारात माझीही वळली नव्हती. १९३२ची निवडणूक ते हरले.

‘सन्स ऑफ ग्वालिया’ १९६३च्या डिसेंबरात बंद पडली; हूवर १९६४च्या ऑक्टोबरात गेले. पुढे ती पुन्हा उघडली आणि दीड किलोमीटरहून खोल गेली. तिच्या काठावरच्या टेकाडावर त्यांच्या नावाचा बंगला उभा आहे.