संत थोमा : जुळा म्हणून ओळखले गेलेले प्रेषित

३ जुलै हा प्रेषित संत थोमा ह्यांचा सण. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनप्रदेशात सेवा करणाऱ्या चांदा धर्मप्रांताला ह्या संताविषयी विशेष जिव्हाळा आहे. बल्लारपूर येथील कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे.

थोमा ह्या अरामी शब्दाचा अर्थ जुळा. संत योहानाच्या शुभवर्तमानात त्याच अर्थाचे दिदुम हे ग्रीक नावही येते. मात्र त्यांचे जुळे भावंड कोण, हे शुभवर्तमान सांगत नाही. तिसऱ्या शतकातील 'थोमाची कृत्ये' ह्या सिरियाक ग्रंथाने त्यांना प्रभूचे जुळे बंधू मानले. परंतु ख्रिस्तसभेने तो ग्रंथ पवित्र शास्त्रात स्वीकारला नाही.

जुळी दोन प्रकारची असतात. दोन स्त्रीबीजे स्वतंत्रपणे फलित झाली, तर होणारी मुले इतर भावंडांइतकीच परस्परांसारखी असतात. एकच फलित बीज सुरुवातीच्या दिवसांत दुभंगले, तर चेहरेपट्टी जवळजवळ एक असलेली मुले जन्मतात. हजार प्रसूतींमागे अशा तीन-चार जोड्या आढळतात. त्यांच्याही बोटांचे ठसे वेगळे असतात आणि अंगावरचे व्रण तर ज्याचे त्याचेच. तरीही समाज त्यांना एकाच नावाने हाक मारतो. एकाच्या चुकीचा बोल दुसऱ्याला लागतो.

संत थोमा मात्र शुभवर्तमानात स्वतंत्र बाण्याचे दिसतात. लाजराकडे जाण्यात जिवाला धोका असताना प्रभूबरोबर मरण पत्करण्याची तयारी त्यांनीच दाखविली. अखेरच्या भोजनसमयी वाट ठाऊक नसल्याचे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना प्रथम दर्शन दिले, तेव्हा ते तेथे नव्हते. खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असा त्यांनी आग्रह धरला आणि संशयी हे विशेषण त्यांना कायमचे चिकटले. पण चेहरा सारखा असला तरी माणूस तोच असेल असे नाही, हे जुळ्या भावंडाइतके कोणाला उमगणार? व्रणांवरून ओळख पटविणे त्यांना स्वाभाविक वाटले असेल. आठ दिवसांनी प्रभूने त्यांना जखमा दाखविल्या. त्यांनी स्पर्श केल्याचा उल्लेख नाही. त्यांनी प्रभूला आपला देव म्हणून स्वीकारले, एवढे मात्र स्पष्ट आहे.

परंपरेनुसार ते इ. स. ५२ मध्ये केरळातील कोडुंगल्लूर येथे आले आणि इ. स. ७२ मध्ये मैलापूर येथे हुतात्मा झाले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेने १९६२ साली चांदा भागात कार्य हाती घेतले. १९७७ साली तेथे धर्मप्रांत स्थापन झाला.

ह्या वनप्रदेशात जुळ्यांचा जन्म आनंदाइतकाच काळजीचा असतो. ती बहुधा मुदतीपूर्वी व कमी वजनाची जन्मतात आणि अनेक गावांपासून रुग्णालय दूर असते. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने १९९५ पासून गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले व नवजात बालकांची सेवा घरोघरी पोहोचविली. जुळी असली तरी प्रत्येक बाळाचे वजन, दूध आणि ऊब ह्यांकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागते; एक सुदृढ दिसले म्हणून दुसऱ्याची चिंता मिटत नाही.

संत थोमांच्या शंकेला प्रभूने त्यांच्यापुरते उत्तर दिले. आपल्या धर्मग्रामातील जुळ्या मुलांनाही जोडी म्हणून न पाहता, प्रत्येकाला त्याच्या नावाने हाक मारणे, हे ह्या सणाला साजेसे ठरेल.