थेंबाचा हिशेब मांडणारे सिमखा ब्लास

आपल्यापैकी पुष्कळांनी कोकणात रहाटाचे पाणी पाटाने वाडीत जाताना पाहिले आहे. वाफ्यापर्यंत पोचताना त्यातले किती वाटेतच जिरले, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. इस्राएलात तसे करून चालले नसते. ज्यांनी हा हिशेब चोख मांडला त्या सिमखा ब्लास यांची ओळख आज वाचकांस करून देत आहोत.

ब्लास यांचा जन्म १८९७ साली वॉर्सा शहरी झाला. १९३० साली ते या देशी आले. पाण्याचे इंजिनियर म्हणून त्यांनी लवकरच नाव मिळविले. १९३७ साली मेकोरोत ही पाणीपुरवठ्याची कंपनी उभारण्यात लेव्ही एश्कोल यांच्याबरोबर त्यांचा मोठा वाटा होता. १९४७ साली नेगेवमधील नव्या वस्त्यांना पाणी नेणारी नळवाहिनी त्यांच्याच योजनेने पडली. पुढे देशाच्या मोठ्या जलवाहिनीच्या कामात मतभेद झाले आणि १९५६ साली त्यांनी सरकारी काम सोडले. वय साठीला टेकलेले, आणि आयुष्यभराचे काम दुसऱ्यांच्या हाती गेलेले!

परंतु ते स्वस्थ बसले नाहीत. पूर्वी एका गळक्या नळाजवळचे झाड शेजारच्या झाडांहून जोमदार वाढलेले त्यांनी पाहिले होते. वर ओल थोडीशीच, पण खाली मुळांपाशी ती कांद्याच्या आकाराने पसरलेली. आता प्लॅस्टिकच्या नळ्या मिळू लागल्या होत्या. भोक बारीक केले तर ते गाळाने बुजते. म्हणून पाण्याची वाट लांब व वळणाची करून त्यांनी त्याचा वेग मोडला व थेंब थेंब बाहेर सोडला. या कामी मुलगा यशायाहू यांचे साहाय्य झाले. १९६५ साली बेरशेवाजवळच्या हात्सेरिम किबुत्झशी करार होऊन नेताफिम कारखाना निघाला.

लहान शेतकऱ्याला यात काय लाभ? पाणी मुळाशीच पडते, म्हणून तण कमी व खुरपणीची मजुरी वाचते. खत पाण्यातूनच देता येते. ओल सतत राहिल्याने क्षार मुळांपासून दूर सारले जातात व थोडे खारट पाणीही चालते. मात्र नळ्या व गाळणी यांना आधी पैसा लागतो. गव्हासारख्या पिकात तो सहसा वसूल होत नाही. टोमॅटो, मिरची, काकडी यांत होतो, कारण थोड्या जमिनीतून रोख पैसा अधिक येतो. म्हणून उत्पन्न जमिनीच्या मापाने न मोजता पाण्याच्या मापाने मोजावे, हा ब्लास यांच्या कामाचा खरा धडा होय.

१९८२ साली ते निवर्तले. आज जळगावच्या केळीस व नाशिकच्या द्राक्षांस याच रीतीने पाणी मिळते. उतारवयात या देशी येऊन नव्याने आरंभ करणाऱ्या आपल्या मंडळींनी त्यांचे चरित्र जरूर ध्यानी ठेवावे.