महर्षी कर्वे आणि थेंबाथेंबाची गंगाजळी

पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या माणसाचे गावाशी नाते पुष्कळदा सुटीपुरतेच उरते. ते कर्तव्याच्या धाग्याने कसे बांधून ठेवावे, याचा वस्तुपाठ धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात सापडतो. स्त्रीशिक्षणाचे महर्षी म्हणून ते सर्वांस वंद्य आहेत. लोकनिधी उभारणारे कर्वे मात्र त्यामानाने अपरिचित राहिले.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरूड गावी गेले. घरची स्थिती बेताची. परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. पण वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. तरीही नेट न सोडता १८८४ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले.

मुंबईत शिकवण्या करून संसार चालविण्याच्या त्या दिवसांत त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला. कल्पना अगदी साधी होती. गावाबाहेर मिळवते झालेल्यांनी मिळकतीतील लहानसा वाटा बाजूस काढावा आणि त्या साठ्यातून गावाच्या हिताची कामे व्हावीत. एकट्याने जे साधत नाही ते अनेकांच्या नेमाने साधते, ही त्यांची श्रद्धा येथेच प्रथम प्रकट झाली.

१८९१ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला होता, त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या वृद्ध मातेसही त्याची झळ पोहोचली. दुसरा एखादा कायमचा पाठ फिरवून बसला असता. अण्णांनी समाजाशी असहकार पुकारला नाही. उलट त्याच समाजाच्या दारी ते झोळी घेऊन उभे राहिले.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. १९०० साली आश्रम हिंगण्यास गेला, तोही रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर बांधलेल्या झोपडीत. कॉलेज आटोपून अण्णा चिखल तुडवीत तेथे पायी जात. स्वतःच्या विम्याचे पाच हजार रुपयेही त्यांनी आश्रमास दिले. आधी आपला खिसा, मग दुसऱ्याचे दार, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

१९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास लाभले. एवढा आधार मिळाल्यावरही अण्णांची झोळी खुंटीला लागली नाही. सत्तरी उलटल्यावर ते युरोप, अमेरिका आणि जपान येथे फिरले. पुढे आफ्रिकेत जाऊन तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांकडूनही त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमविला. दूर गेलेल्या माणसाच्या मनात मायभूमीसाठी एक कोपरा राखलेला असतो, हे मुरूड फंडाच्या जनकास निराळे सांगावे लागत नव्हते.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. जेथे जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नव्हती अशा लहान खेड्यांतून मंडळाच्या मदतीने सुमारे चाळीस शाळा चालल्या. एका ठिकाणी पैसा गोळा व्हावा आणि अनेक ठिकाणी ज्ञानाचे दिवे लागावेत, ही मुरूड फंडाचीच विस्तारलेली आवृत्ती होय. १९५८ साली ‘भारतरत्न’ लाभलेल्या या कर्मयोग्याचे ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे आयुष्य पूर्ण करून, निधन झाले.

नेहरू नगरात राहणारे आपणही गाव सोडून आलेलीच माणसे. गणेशोत्सवाची वर्गणी आपण उत्साहाने देतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तिच्या जोडीला एक कायमचा निधी उभा राहावा, दरमहा प्रत्येक घराने झेपेल तेवढे त्यात घालावे आणि चोख हिशेब ठेवून भिलाई-दुर्ग परिसरातील धडपडणाऱ्या लहान संस्थांस वर्षानुवर्षे हात द्यावा. ज्या भूमीने आपणांस अन्न दिले, तीही आता आपले गावच आहे. अण्णांचे स्मरण याहून वेगळ्या रीतीने करता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.