जबलपूरचा बंदिवान हिशेबनीस

जबलपूरचे नाव निघाले की मला तेथील कारागृहातील एक बंदिवान आठवतो. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले सनदी लेखापाल. ‘छोडो भारत’ पर्वातील कारावासात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ येथेच लिहिला. त्यामागे खेड्यांतील प्रपंच मोजण्याचा दीर्घ अनुभव होता.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरचा. मुंबईतील व्यवसाय आणि कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचा अभ्यास यांनंतर १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले. लगेचच गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह त्यांनी मातर तालुक्यातील ५४ गावांची पाहणी केली. पुढे वर्ध्याची मगनवाडी ही त्यांची कर्मभूमी झाली. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते; तिचा १९३९ चा अहवाल ६०६ निवडक गावांवर आधारलेला होता. जबलपूर तेव्हा याच प्रांतात होते.

हे काम सोपे नव्हते. शेतकऱ्याच्या घरी जमाखर्चाची वही नसते. घरी खाल्लेले धान्य, रानातले सरपण, घरच्यांचे बिनमजुरीचे श्रम यांची किंमत ठरवायची कशी? सरासरीही फसवी असते. दहा घरांपैकी एकाची मिळकत १,००० रुपये आणि नऊ घरांची प्रत्येकी १०० असेल, तर सरासरी १९० निघते. प्रत्यक्षात नऊ घरे तिच्या खालीच असतात.

कुमारप्पांच्या पद्धतीची मर्यादाही मला मान्य आहे. हेतुपूर्वक निवडलेल्या गावांवरून काढलेला अंदाज किती चुकू शकतो, हे गणिताने सांगता येत नाही; त्यासाठी यादृच्छिक नमुना लागतो. तो मार्ग महालनोबिस यांनी रुजवला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत २,६१,७४६ कुटुंबे होती. देशासाठी हा नमुना भक्कम आहे. पण एकेका जिल्ह्याच्या वाट्याला त्यातील थोडीच घरे येतात आणि अंदाज डळमळतो. अशा आकड्यावरून जबलपूर जिल्ह्याचा निधी ठरवला, तर चुकीची किंमत गरीब घराला मोजावी लागेल.

कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी निवर्तले. त्यांचा वारसा चालवायचा, तर जिल्हावार नमुना वाढवावा आणि प्रत्येक अंदाजाशेजारी त्याच्या संभाव्य चुकीचे माप छापावे, असे मला वाटते. प्रामाणिक हिशेबनीस शिल्लक दाखवतो, तशी तूटही दाखवतो.