थोरल्या माधवरावांचे कोवळे वय

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवन नावाचे गाव आहे. शनिदेवाच्या दर्शनासाठी तेथे दूरदूरचे भाविक येतात. आता वरच्या अंगाला पैठणजवळ मोठे धरण झाल्यामुळे नदीचा ओघ पुष्कळसा आवरला गेला आहे. पूर्वी मात्र श्रावण लागला की येथील गंगा दुथडी भरून वाहत असे, आणि नावेवाचून पलीकडे जाण्याची सोय नसे. याच गावाजवळ, अशाच भरल्या पुराच्या वेळी, सन १७६३ मध्ये एका अठरा वर्षांच्या तरुणाने मराठी राज्यावर आलेले मोठे संकट निवारले. त्या तरुणाचे नाव माधवराव बल्लाळ. इतिहास त्यांना थोरले माधवराव पेशवे म्हणून ओळखतो. पण ज्या वयात ते थोरले ठरले, ते वय मुळीच थोर नव्हते.

माधवरावांचा जन्म सन १७४५ च्या फेब्रुवारी महिन्यात कर्नाटकातील सावनूर येथे झाला. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे हे त्यांचे वडील. आई गोपिकाबाई या वाईच्या रास्ते घराण्यातील. बाई मोठ्या करारी आणि शिस्तीच्या होत्या. वडील बंधू विश्वासराव माधवरावांहून सुमारे तीन वर्षांनी मोठे होते, तर नारायणराव दहा वर्षांनी धाकटे. पेशवाईचा वारसा विश्वासरावांकडे जाणार हे ठरलेलेच होते. त्यामुळे माधवरावांच्या वाट्याला बाळपणी जरा मोकळीक आली असावी असे कोणास वाटेल. पण शनिवारवाड्यात मोकळीक फारशी नव्हतीच. अक्षर वळणदार काढावे, जमाखर्च समजावा, स्नानसंध्या चुकू नये, घोड्यावरची मांड पक्की असावी आणि तलवारीचा हात सफाईने चालावा, ही त्या घरातील मुलांची रोजची शिदोरी होती.

तेव्हाचे पुणे भरभराटीला आलेले होते. नानासाहेबांनी कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळांनी शहरात खेळवले होते. पर्वतीवर देवालय उभे राहिले होते आणि नवनव्या पेठा वसत होत्या. तरीही या शहराचे सगळे जीवन लढाईच्या तालावर चालत असे. दसरा उलटला की फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत येत. मुले वेशीपर्यंत निरोप द्यायला जात, आणि काही महिन्यांनी त्याच वेशीवर, कोण परत आला आणि कोण नाही, हे पाहत. युद्ध दूर असे; पण त्याची सावली प्रत्येक उंबरठ्यावर पडलेली असे.

सन १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या लढाईत निजामाचा पराभव केला. त्याच विजयी सैन्याला पुढे अहमदशहा अब्दालीशी लढण्यासाठी उत्तरेस जाण्याची आज्ञा झाली. विश्वासरावही निघाले. माधवराव तेव्हा पंधरा वर्षांचे होते. दादा दिग्विजय करून येणार याविषयी घरात कोणाला शंका नव्हती. पुढे काय झाले ते आपणांस ठाऊकच आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतच्या मैदानावर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊसाहेबही लढता लढता नाहीसे झाले, आणि मराठ्यांची एक पिढी त्या एका दिवसात कापली गेली. दूर दक्षिणेस अवघ्या दोन दिवसांनी पाँडिचेरीचे फ्रेंच ठाणे इंग्रजांच्या हाती पडले, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. हिंदुस्थानचे भवितव्य कोणीकडे वळत आहे हे त्या दोन घटनांवरून पुढे उमगले. त्या वेळी कोणालाच उमगले नाही.

पानिपतची वार्ता पुण्यात आली तेव्हा शहराची काय दशा झाली असेल? ज्या घरातील माणूस गेला नाही असे घर शोधावे लागत होते. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणांगणावरून परत आल्या, पण पती गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. नानासाहेब या धक्क्यातून सावरले नाहीत. त्याच वर्षी २३ जून रोजी पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. अशा रीतीने सहा महिन्यांच्या आत सोळा वर्षांच्या माधवरावांचा भाऊ गेला, चुलता गेला आणि वडीलही गेले. ज्या गादीची त्यांनी कधी अपेक्षा केली नव्हती, तिची वस्त्रे जुलै महिन्यात त्यांना साताऱ्याच्या छत्रपतींकडून मिळाली. सोबत कर्जाचा डोंगर आला, रिकामा खजिना आला आणि मराठ्यांचा दरारा संपला असे समजणारे शत्रूही आले.

या शत्रूंपेक्षाही कठीण प्रश्न घरातच होता. नानासाहेबांचे धाकटे बंधू रघुनाथराव शूर होते, अटकेपर्यंत घोडा दौडवून आलेले होते. परंतु पुतण्याच्या हाताखाली वागणे त्यांना मानवेना. माधवराव लहान आहेत तोवर कारभार आपणच करावा असा त्यांचा आग्रह होता. माधवरावांना चुलत्यांविषयी आदर होता, पण राज्य चुकीच्या सल्ल्याने चालावे हे मान्य नव्हते. तंटा विकोपाला गेला आणि सन १७६२ च्या नोव्हेंबरात चुलते-पुतणे एकमेकांवर चालून गेले. रघुनाथरावांच्या मदतीला निजामाची फौज येत होती. आळेगाव येथे माधवरावांची बाजू ढासळली.

त्यांनी पळून जाऊन पुन्हा सैन्य जमवले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण घरची भांडणे परक्याने मिटवायची म्हणजे राज्याचे तुकडे त्याच्या पदरात टाकायचे, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाने ओळखले. तो आपण होऊन चुलत्याच्या छावणीत गेला आणि त्याच्या स्वाधीन झाला. तेथे त्याच्यावर पहारा बसला. राक्षसभुवनच्या विजयाचे पोवाडे सर्वांना आवडतात. माझ्या मते मात्र माधवरावांचे खरे धैर्य आळेगावी दिसले.

रघुनाथरावांनी आता मनाप्रमाणे कारभार सुरू केला. जुने वैर काढून त्यांनी मिरज गोपाळराव पटवर्धनांकडून हिसकावून घेतली. दुखावलेले सरदार एकेक करून निजामाला मिळाले. नागपूरचे जानोजी भोसलेही त्याच्या पक्षात गेले. निजामाचा शहाणा दिवाण विठ्ठल सुंदर याने ही संधी अचूक हेरली, आणि सन १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाची फौज पुण्याच्या रोखाने निघाली. मराठी फौज समोरासमोर न भिडता निजामाचा मुलूख लुटीत दूर निघून गेली होती. पुणे उघडे पडले.

तेव्हाचे पुणे डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याचे ऊन, आणि गाड्या, बैल, तट्टे, जे मिळेल त्यावर सामान लादून माणसे डोंगरांकडे निघालेली. पेशव्यांच्या घरच्या बायकामुलांनीही सिंहगडाचा आश्रय घेतला. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, सन १९३९ मध्ये, लंडनची हजारो मुले विमानहल्ल्याच्या भीतीने अशीच शहर सोडून खेड्यापाड्यांत गेली. त्या मुलांसाठी आगगाड्या होत्या आणि गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या होत्या. पुण्याच्या मुलांना गडाची चढण पायांनीच चढावी लागली, आणि वर जाऊन मागे पाहिले तर खाली धूर दिसत होता. निजामाच्या लोकांनी घरोघर खंडणी मागितली. जी घरे खंडणी देऊ शकली नाहीत ती पाडली, जाळली. दप्तरातील कितीतरी जुनी कागदपत्रे या धामधुमीत नाहीशी झाली. ज्या गल्ल्यांतून माधवराव लहानपणी घोड्यावरून हिंडले होते, त्यांतील कित्येक आता राखेच्या झाल्या होत्या.

पावसाळा तोंडावर आला तशी निजामाची फौज औरंगाबादेकडे वळली. माधवराव व रघुनाथराव मागावर होतेच. जानोजी भोसल्यांशी गुप्त बोलणे होऊन ते निजामापासून फुटले. श्रावण नुकताच लागला होता. निजाम अर्धीअधिक फौज घेऊन गोदावरी उतरून पलीकडे गेला. विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह राक्षसभुवनला अलीकडच्या तीरावर राहिला. मध्ये फुगलेली नदी. हीच वेळ मराठ्यांना हवी होती.

१० ऑगस्ट १७६३ रोजी त्यांनी हल्ला केला. रणधुमाळीत रघुनाथराव हत्तीवर होते. शत्रूने त्यांना चहूकडून घेरले. ज्या चुलत्याने आपल्यावर पहारे बसवले, त्याला अशा वेळी कोण सोडवणार? माधवरावांनी क्षणाचाही विलंब केला नाही. ते निवडक स्वारांनिशी गर्दीत घुसले आणि चुलत्यांना त्यांनी सुखरूप बाहेर काढले. लढाईचे पारडे फिरले. विठ्ठल सुंदर मारला गेला, त्याची फौज उधळली. पैलतीरावरील निजामाला पुरामुळे मदत पाठवता आली नाही. पुढच्याच महिन्यात औरंगाबादेस तह झाला आणि गमावलेला बराच मुलूख मराठ्यांना परत मिळाला. मिरजही पटवर्धनांना परत देण्यात आली. या लढाईनंतर माधवरावांना पोर म्हणण्याचे धाडस कोणी केले नाही.

यानंतरची नऊ वर्षे त्यांनी अविश्रांत श्रमात घालवली. हैदरअलीवर स्वाऱ्या केल्या, रामशास्त्री प्रभुण्यांसारख्या निःस्पृह माणसाला न्यायाच्या आसनावर मान दिला, रयतेकडून वेठ घेण्यास आळा घातला, आणि उत्तरेत पानिपतने गेलेला लौकिक पुन्हा मिळवला. चुलत्यांशी तंटा मात्र मिटला नाही. सन १७६८ मध्ये धोडपजवळ त्यांचा पाडाव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. इतक्यात क्षयाने माधवरावांना गाठले. अखेरचे दिवस त्यांनी थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात काढले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावीस.

मृत्यूपूर्वी त्यांनी रघुनाथरावांना जवळ बोलावून घेतले, मागचे सारे विसरण्याची विनंती केली, आणि धाकट्या भावाला त्यांच्या हाती सोपवले. नारायणराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. आळेगावी चुलत्याच्या छावणीत गेलेल्या माधवरावांच्याच वयाचे.