डॉ. लिव्हिंग्स्टन यांची औषधांची पेटी

आफ्रिकेचे थोर प्रवासी डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. परंतु त्यांच्या शेवटच्या प्रवासाचा महाराष्ट्राशीं काय संबंध होता, व औषधांच्या एका पेटीवांचून त्यांस काय सोसावें लागलें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेवढेंच आम्ही येथें सांगतों.

त्यांचा जन्म १८१३ सालीं स्कॉटलंडांतील ब्लँटायर गांवीं झाला. दहाव्या वर्षापासून ते कापसाच्या गिरणींत राबत व रात्रीं अभ्यास करीत. पुढें वैद्यकीची सनद मिळवून १८४१ सालीं ते मिशनरी म्हणून आफ्रिकेंत पोंचले. तेथें हिवताप हा परदेशी प्रवाशांचा काळच होता. कोयनेल, कॅलोमेल, रेवाचिनी व जालप यांच्या गोळ्या करून डॉक्टर तापकऱ्यांस देत. १८५८ च्या झांबेझी मोहिमेंत ताप येऊंच नये म्हणून सोबत्यांस रोज थोडें कोयनेल द्राक्षासवांतून देण्याचा प्रयोगहि त्यांनीं केला. तरीहि १८६२ सालीं खुद्द त्यांच्या पत्नी मेरीबाई याच रोगानें वारल्या.

१८६५ सालीं ते मुंबईस आले. गुलामगिरींतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें तेव्हां नाशिकजवळ शरणपूर येथें मिशनच्या आश्रयास असत. त्यांपैकीं नऊ तरुण बरोबर घेऊन डॉक्टरांनीं १८६६ च्या जानेवारींत मुंबई सोडली. वर्षभरानें, २० जानेवारी १८६७ रोजीं, वाटेंत मिळालेले दोन सोबती रानांत पळाले व औषधांची पेटीहि गेली. पीठ, भांडीं, बंदुका गेल्या त्याचें दुःख थोडें. कोयनेल गेलें हा खरा घाला होता. तापानें ते वारंवार अंथरुणास खिळूं लागले. १८७१ सालीं स्टॅन्ले यांनीं औषधें आणलीं, पण तोंवर देह खचला होता. १८७३ च्या मे महिन्यांत चितांबोच्या गांवीं त्यांचा अंत झाला. सोबत्यांनीं त्यांचें हृदय तेथेंच झाडाखालीं पुरलें. नाशिकास शिकलेल्या जेकब वेनराइटनें प्रार्थना वाचली. मग देह खांद्यावर घेऊन त्या निष्ठावंतांनीं तो सुमारें नऊ महिन्यांनीं समुद्रकिनारीं पोंचविला.

हिवताप डासांमुळें पसरतो हें डॉक्टरांस ठाऊक नव्हतें. त्याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सिकंदराबादेस मिळाला. आज कोल्हापुराहून कोणी आफ्रिकेस निघाल्यास वैद्याच्या सल्ल्यानें प्रतिबंधक गोळ्या मिळतात. कांहीं एकदोन दिवस, तर कांहीं दोनतीन आठवडे आधीं सुरू कराव्या लागतात, आणि परतल्यावरहि एक ते चार आठवडे घ्याव्या लागतात. कारण रोगाचे जंतु शरीरांत लपून राहतात. घरीं सुखरूप पोंचलों म्हणून गोळी मध्येंच सोडणें म्हणजे आपली पेटी आपणच रानांत टाकून देणें होय.