लिंकन आणि त्याचे संपादक

अब्राहम लिंकन मराठी माणसाला पहिल्यांदा भेटतो तो बहुधा भिंतीवर. शाळेच्या कार्यालयात, एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, नाही तर ओळखीच्या कुणाच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेल्या त्या पत्रातून. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेल्या या पत्राला वसंत बापटांनी इतके देखणे मराठी रूप दिले, की ते आपल्याच घरातले होऊन बसले. गंमत अशी, की लिंकनच्या समग्र लेखनसंग्रहात हे पत्र कुठेही नाही. अभ्यासक ते त्याचे मानत नाहीत. हेडमास्तरांना त्याने काय लिहिले असते, हा आता कल्पनेचा प्रांत झाला. संपादकांना मात्र त्याने उभ्या आयुष्यात खूप पत्रे लिहिली आणि ती शाबूत आहेत. त्यांत आर्जव आहे, डावपेच आहेत, क्वचित वैताग आहे. आणि वृत्तपत्रांशी संबंधित कागदांच्या याच ढिगात त्याच्या सहीचा एक हुकूम असा आहे, की त्याच्या भक्तांची आजही पंचाईत व्हावी.

वृत्तपत्राचे व्यसन त्याला फार लवकर लागले. इलिनॉय राज्यातल्या न्यू सालेम या खेड्यात १८३३ मध्ये तो पोस्टमास्तर झाला. पगार नाममात्र, पण गावात येणारे प्रत्येक वर्तमानपत्र त्याच्या हातून जायचे. मालकाच्या हाती पडण्याआधी ते पोस्टमास्तरांचे वाचून झालेले असे. फारसे शालेय शिक्षण न झालेल्या या तरुणाची ही दुसरी शाळा. विधिमंडळाच्या पहिल्या निवडणुकीची त्याची घोषणाही १८३२ साली स्प्रिंगफील्डच्या ‘संगमो जर्नल’मध्येच छापून आली होती. संपादक सिमिअन फ्रान्सिस त्याचा मित्र. पुढे या पत्रात लिंकनचा निनावी मजकूर सर्रास येऊ लागला.

निनावी लिहिण्याची चटक त्याला एकदा चांगलीच भोवली. १८४२ मध्ये रिबेका नावाच्या खेडवळ बाईच्या तोंडून त्याने राज्याचे हिशेबतपासनीस जेम्स शील्ड्स यांची यथेच्छ टर उडवली. लिंकनची भावी पत्नी मेरी टॉड आणि तिची मैत्रीण यांनी त्याच थाटात आणखी एक पत्र रचून आगीत तेल ओतले. शील्ड्सने लेखकाचे नाव मागितले, लिंकनने जबाबदारी स्वतःवर घेतली, आणि प्रकरण थेट द्वंद्वयुद्धापर्यंत गेले. शस्त्र निवडण्याचा मान लिंकनचा. त्याने घोडदळाच्या लांब तलवारी निवडल्या. सहा फूट चार इंच उंचीच्या माणसाचे हात केवढे असतात, हा हिशेब त्यामागे होता. मिसिसिपी नदीतल्या एका बेटावर मंडळी जमली आणि ऐन वेळी मध्यस्थांनी समेट घडवून आणला. या प्रकरणाचा विषय निघालेला लिंकनला पुढे कधीच आवडला नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. निःपक्षपाती वृत्तपत्र ही कल्पना त्या काळच्या अमेरिकेत जवळजवळ नव्हतीच. पत्र म्हणजे पक्षाचे पत्र. संपादक उमेदवार ठरवीत, निवडणुका लढवीत, आणि आपला माणूस निवडून आला की पोस्टमास्तरकीपासून वकिलातीपर्यंत काही ना काही पदरात पाडून घेत. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्या सात जाहीर वादसभा झाल्या, तेव्हा शिकागोच्या दोन पत्रांनी आपापले लघुलेखक पाठवले. रिपब्लिकन पत्रात लिंकनची वाक्ये सुबक आणि डग्लसची विस्कटलेली. डेमोक्रॅटिक पत्रात नेमके उलटे. जागा डग्लसने जिंकली. हरलेल्या लिंकनने मात्र दोन्हीकडची कात्रणे काळजीपूर्वक वहीत चिकटवून ठेवली. आपली भाषणे आपल्या बाजूच्या पत्रातली आणि डग्लसची डग्लसच्या, अशी वाटणी करून. त्या वहीचे १८६० मध्ये पुस्तक झाले आणि ते तडाखेबंद खपले. वर्तमानपत्राचा कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. त्यातून अध्यक्षपदाची पायरी घडवणारा हा गृहस्थ साधा नव्हता.

त्याहून मासलेवाईक प्रकार १८५९ च्या मे महिन्यातला. इलिनॉयमध्ये जर्मन स्थलांतरितांची मते मोठी होती. लिंकनने थिओडोर कॅनिसियस नावाच्या जर्मन संपादकाशी लेखी करार केला आणि छापखान्याचे यंत्र व खिळे स्वतःच्या मालकीचे करून घेतले. पत्र कॅनिसियसने चालवायचे, नफा त्याचा. अट एवढीच, की रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्याविरुद्ध अक्षर छापायचे नाही. मालकाला जर्मन येत नव्हते. निवडणूक जिंकल्यावर डिसेंबर १८६० मध्ये त्याने छापखाना संपादकाला देऊन टाकला, आणि पुढच्याच वर्षी कॅनिसियस व्हिएन्नात अमेरिकेचा कॉन्सल म्हणून रवाना झाला. आज असा व्यवहार बाहेर आला तर काय गहजब होईल! तेव्हा ती रीतच होती. पण रीत होती म्हणून तिला सोज्वळ म्हणायचे कारण नाही.

अध्यक्ष होऊन वॉशिंग्टनला निघालेल्या लिंकनचे पहिले स्वागत वृत्तपत्रांनी केले ते त्याचे हसे करून. बाल्टिमोरला घातपात होईल या भीतीने फेब्रुवारी १८६१ मध्ये त्याला रातोरात, गुपचूप त्या शहरातून पुढे नेण्यात आले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जोसेफ हॉवर्ड या बातमीदाराने लिहिले, की नवे अध्यक्ष स्कॉटिश पद्धतीची चौकड्यांची टोपी आणि लांब लष्करी झगा अशा वेषांतरात आले. ती टोपी सर्वस्वी हॉवर्डच्या डोक्यातून निघालेली होती. पण व्यंगचित्रकारांना दुसरे काय हवे? त्या टोपीने लिंकनचा पुढे कितीतरी दिवस पिच्छा पुरवला. या हॉवर्डचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

युद्ध सुरू झाले आणि सगळेच पालटले. व्हाइट हाउसमध्ये तेव्हा ना प्रसिद्धी अधिकारी होता ना पत्रकार परिषदेची प्रथा. बातमीदार जिना चढून येत, दाराशी चिठ्ठी देत, आणि अध्यक्ष मोकळे असले तर त्यांच्याकडूनच रणांगणाची हालहवाल विचारून घेत. मे १८६४ मध्ये विल्डरनेसच्या अरण्यात ग्रँटचे सैन्य शिरले आणि दोन दिवस वॉशिंग्टनला काहीच कळेना. ‘ट्रिब्यून’चा तरुण बातमीदार हेन्री विंग शत्रूच्या मुलखातून वाट काढत तारेपर्यंत पोचला. युद्धमंत्री स्टँटन त्याला हेर समजून अटक करायला निघाले होते. लिंकनने त्याच्यासाठी खास आगगाडी पाठवली. मध्यरात्रीनंतर धुळीने माखलेला विंग व्हाइट हाउसमध्ये आला आणि ग्रँट माघार घेणार नाही हा खासगी निरोप त्याने सांगितला, तेव्हा अध्यक्षांनी वाकून त्याच्या गालाचे चुंबन घेतले. ही हकीकत विंगनेच पुढे लिहून ठेवली आहे. थोडी मीठमिरची वजा केली, तरी बातमीसाठी ताटकळणारा लिंकन त्यात खराच दिसतो.

पण याच सरकारने तारयंत्रावर पहारा बसवला होता. वॉशिंग्टनहून जाणारी बातमी आधी तपासनीसाच्या हाताखालून जायची. लष्करी हालचाली लपवणे समजू शकते. परंतु राजकीय टीकेलाही कात्री लागते आहे, असा ठपका खुद्द प्रतिनिधीगृहाच्या समितीने १८६२ मध्ये ठेवला. त्याआधी, ऑगस्ट १८६१ मध्ये, न्यूयॉर्कच्या काही विरोधी पत्रांना टपालाची दारे बंद झाली होती. शिवाय ठिकठिकाणचे सेनापती आपल्या अखत्यारीत संपादकांना पकडत, छापखाने बंद करत. यातले फारच थोडे लिंकनने स्वतः सांगून केले. त्याने बरेचसे होऊ दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य.

जून १८६३ मधले ‘शिकागो टाइम्स’चे प्रकरण पाहा. संपादक विल्बर स्टोरी लिंकनवर जहरी लिहीत असे. जनरल बर्नसाइडने हुकूम सोडला आणि ३ जूनच्या पहाटे सैनिक छापखान्यात घुसले. शिकागोत हजारोंचा जमाव जमला. लिंकनच्या स्वतःच्या पक्षातल्या काही पुढाऱ्यांनीही तारा केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने बंदी मागे घेतली. गोष्ट इथे संपली असती तर लिंकनचरित्राला शोभून दिसली असती. पण लगोलग सरकारकडून आणखी एक तार गेली, की पहिल्या तारेची अंमलबजावणी झाली नसेल तर तूर्त करू नये! ती पोचेपर्यंत पत्र पुन्हा सुरू झाले होते. वर्षभराने त्याने एका मित्राला लिहिले, की बंदी उठवली ते बरोबर केले का याची आपल्याला आजही खात्री नाही. पुतळ्यातला लिंकन असे बोलत नाही. माणूस बोलतो.

‘ट्रिब्यून’कार होरेस ग्रीली हे प्रकरण वेगळेच. हा शाकाहारी, चक्रम, तत्त्वनिष्ठ आणि कमालीचा उतावळा संपादक उत्तरेतल्या शेतकऱ्यांचा जणू धर्मोपदेशक होता. २० ऑगस्ट १८६२ रोजी त्याने अध्यक्षांना खुले पत्र लिहून गुलामांच्या मुक्तीबाबत चालढकल केल्याबद्दल धारेवर धरले. लिंकनने दोनच दिवसांत उत्तर दिले, आणि ते छापायला दिले वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल इंटेलिजन्सर’ला, ग्रीलीच्या ‘ट्रिब्यून’ला नव्हे. संघराज्य वाचवणे हे आपले पहिले काम. ते एकाही गुलामाला मुक्त न करता साधले तर तसे, सर्वांना मुक्त करून साधले तर तसे आणि काहींना मुक्त करून काहींना तसेच ठेवून साधले तर तसे करू, असा त्याचा आशय. हे वाचून पुष्कळांचा हिरमोड झाला. त्यांना ठाऊक नव्हते, की मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिंकनने २२ जुलैलाच मंत्रिमंडळापुढे वाचला होता आणि तो खणात पडून होता. ग्रीलीचा हल्ला निमित्त करून त्याने धास्तावलेल्या मध्यममार्गी वाचकांची मने आधीच तयार करायला घेतली. अँटिटमच्या लढाईनंतर, २२ सप्टेंबरला, जाहीरनामा निघाला. याला कुणी मुत्सद्देगिरी म्हणेल, कुणी लबाडी. प्रस्तुत लेखकाला त्यात दोन्हीचा अंश दिसतो. गुलामगिरीत दिवस मोजणाऱ्या चाळीस लाख माणसांच्या बाजूने पाहिले, तर ग्रीलीचा उतावळेपणाही फारसा चक्रम वाटत नाही.

आता तो हुकूम. १८ मे १८६४ च्या पहाटे, संपादक घरी गेलेले आणि पाने यंत्रावर चढू लागलेली, अशा नेमक्या वेळी न्यूयॉर्कच्या पत्रांच्या कचेऱ्यांत असोसिएटेड प्रेसच्या पातळ कागदावर अध्यक्षांचा एक जाहीरनामा येऊन पडला. चार लाख माणसांची नवी भरती आणि राष्ट्रीय उपवासाचा दिवस. म्हणजे युद्ध हरत चालल्याची कबुलीच. बहुतेक पत्रांनी शंका येऊन चौकशी केली. ‘वर्ल्ड’ आणि ‘जर्नल ऑफ कॉमर्स’ या दोन विरोधी पत्रांत मात्र तो छापला गेला. सोन्याचा भाव चढला. (त्याच वर्षांत आपल्या मुंबईचा कापूसबाजारही अमेरिकेतल्या लढायांच्या बातम्यांवर फुगत होता, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कसा कोसळला हे सर्वश्रुत आहे.) जाहीरनामा साफ बनावट होता. लिंकनने जनरल डिक्सला आपल्या सहीने हुकूम दिला: दोन्ही पत्रांचे संपादक व मालक यांना पकडा, छापखाने ताब्यात घ्या. संपादकच फसवले गेले आहेत असे खुद्द डिक्सला वाटत होते. स्टँटनने त्याला वरून दटावले. सैनिकांनी छापखाने घेतले, एका तारकंपनीच्या कचेऱ्याही घेतल्या.

दोन दिवसांत खरा गुन्हेगार सापडला. चौकड्यांच्या टोपीचा जनक जोसेफ हॉवर्ड! आता तो ब्रुकलिनच्या ‘ईगल’ पत्रात शहर-संपादक होता. सोन्यात सट्टा खेळून पैसा करायचा एवढाच त्याचा बेत. चार दिवसांनी लिंकनने बंदी उठवली. पण ‘वर्ल्ड’चे संपादक मँटन मार्बल यांनी अध्यक्षांना उद्देशून लांबलचक जाहीर पत्र छापून जो जाब विचारला, त्याला उत्तर आले नाही. ते देता येण्यासारखेही नव्हते. खातरजमा करण्याआधी, न्यायालयाचे तोंड न पाहता, दोन वृत्तपत्रे लष्कराकरवी बंद करण्याचा हा निर्णय वाईटच होता. आणि त्यात आणखी एक गोम होती. बनावट जाहीरनामा निघाला त्याच्या आदल्याच दिवशी लिंकनने तीन लाखांच्या भरतीचा खराखुरा मसुदा तयार केला होता. तो बाजूला ठेवावा लागला. जुलैत त्याने मागणी केली ती पाच लाखांची.

त्या उन्हाळ्यात तो निवडणूक हरणार असे जवळजवळ सगळेच धरून चालले होते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संस्थापक-संपादक हेन्री रेमंड तर पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्षही होते, त्यांनी २२ ऑगस्टला कळवले, की सगळीकडून वाईट खबरा आहेत. दुसऱ्या दिवशी लिंकनने आपण हरणार हे गृहीत धरून एक टिपण लिहिले, घडी घातली आणि मंत्र्यांच्या सह्या ते न वाचताच घेतल्या. नव्या अध्यक्षाला सूत्रे देईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवायचे, असा त्यात मजकूर होता. त्याच २३ तारखेला त्याने आणखी एका कागदावर लिहिले, की हॉवर्डला सोडून द्यावे. धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर यांनी रदबदली केली होती. हॉवर्डचे वडील त्यांच्या चर्चमधले. ज्याच्या लबाडीपायी दोन छापखान्यांवर सैनिक गेले, तो तीन महिन्यांत मोकळा झाला.

सप्टेंबरच्या आरंभी अटलांटा पडले आणि वारे फिरले. नोव्हेंबरात लिंकन पुन्हा निवडून आला. पुढच्या फेब्रुवारीत त्याने ‘हेराल्ड’च्या जेम्स गॉर्डन बेनेटला, वर्षानुवर्षे आपली खिल्ली उडवणाऱ्या, देशातल्या सर्वांत खपाच्या पत्राच्या मालकाला, फ्रान्समधली वकिलात देऊ केली. बेनेटने ती नम्रपणे नाकारली. त्याला मान हवा होता, तो मिळाला.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात लिंकनला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो वारला. त्याच्या खिशातल्या वस्तू घराण्याने जपून ठेवल्या. १९३७ मध्ये त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आल्या आणि लोकांना पाहायला मिळाल्या त्या १९७६ मध्ये. दोन चष्मे, एक चाकू, रुमाल, दक्षिणेच्या सरकारची पाच डॉलरची नोट. आणि त्या नोटेबरोबर चामड्याच्या पाकिटात घडी करून ठेवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे. एकात इंग्लंडच्या जॉन ब्राइट यांनी त्याच्या फेरनिवडीला दिलेला पाठिंबा होता. इतरही काही त्याच्याविषयी बरे बोलणारी होती.